कॉलेजच्या पोरांचा बास्केटबॉल हंगाम (इंदूर): साखळी सामने सुरू करता येतील का?

तिसरा क्वार्टर

नमस्कार मंडळी,

आमच्या कॉलेजचा मुलांचा संघ यंदा जिल्हास्तरीय उपांत्य सामन्यात एका गुणानं हरला. कॉलेजचं नाव मुद्दाम देत नाही. जे सांगायचंय ते इंदुरातल्या बहुतेक कॉलेजांना लागू आहे. मी या संघाचा बिनपगारी मदतनीस. ऑफिसच्या आधी कोर्टवर जातो आणि स्कोअरबुक माझ्याकडे असतं.

आधी पोरं कशी आहेत ते सांगतो. ७ नंबर खंडव्याचा, हॉस्टेलवर राहतो, डावखुरा प्लेमेकर, म्हणजे चेंडू घेऊन खेळ मांडणारा. समोरचा गार्ड सवयीनं त्याच्या उजव्या हाताला उभा राहतो आणि हा डावीकडून निघून जातो. १५ नंबर उंच, पण शाळेत व्हॉलीबॉल खेळलेला. ऑगस्टमध्ये रिबाऊंडला (रिंगला लागून परत आलेल्या चेंडूला) उडी मारायचा आणि चेंडू पकडण्याऐवजी बोटांनी टोलवायचा. दोन्ही हातांनी चेंडू छातीशी ओढायचा आणि कोपरं बाहेर ठेवायची, एवढं अंगवळणी पडायला दिवाळी उजाडली. ११ नंबर आपला मराठी, सुदामानगरचा. त्याच्यासारखा शूटर आमच्याकडे बऱ्याच वर्षांत झाला नव्हता.

कोर्ट सिमेंटचं, उघडं. नोव्हेंबरात पहाटे दव पडतं. पोरं आधी जुना फ्लेक्स ओढून पाणी काढतात, मग पोतं फिरवतात, आणि तरीही कडुलिंबाखालची बेसलाइन ओलीच राहते. तिथं ले-अप (पळत येऊन रिंगजवळून घेतलेली फेक) घ्यायचा नाही हा आमचा पहिला नियम. घोटा मुरगळला तर हंगाम गेलाच म्हणून समजा.

आता तो सामना. पहिले दोन सामने एकतर्फी जिंकून आम्ही उपांत्य फेरीत आलो होतो. समोरचा संघ तोडीस तोड. चौथ्या क्वार्टरच्या मध्यावर १५ नंबरचे पाच फाऊल झाले आणि तो बाहेर बसला. शेवटच्या काही सेकंदांत आम्ही दोन गुणांनी मागे होतो. ११ नंबर आत घुसला, त्याला फाऊल झाला, दोन फ्री थ्रो (रेषेवरून बिनअडथळा फेक, प्रत्येकी एक गुण) मिळाले. सरावात हा मुलगा चेंडू तीनदा आपटतो, श्वास सोडतो आणि मग हात वर नेतो. त्या दिवशी पहिला थ्रो तसाच घेतला, आत गेला. दुसऱ्या वेळी चेंडू एकदाच आपटला आणि लगेच सोडला. रिंगच्या मागच्या कडेला लागून बाहेर. रिबाऊंड त्यांचा. संपलं.

मी त्याला दोष देत नाही, कुणी देऊही नये. हंगामभरात सामना डोक्यावर लटकत असताना तो रेषेवर पहिल्यांदाच उभा होता. आधीचे सामने पंधरा-वीस गुणांच्या फरकानं सुटले, तिथं चौथ्या क्वार्टरला बेंचवरची पोरं खेळत होती. सरावात हजार थ्रो घातले तरी ती शांतता, समोरच्या बेंचची ओरड, थकलेले पाय, हे सगळं फक्त सामन्यात मिळतं. आणि सामने आपल्याकडे किती? जिल्हास्तरावर बाद पद्धत. निम्मे संघ पहिला सामना हरून घरी. जुलैपासून घाम गाळायचा आणि चाळीस मिनिटांत वर्ष संपवायचं.

माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्या पोरांना स्पर्धा मिळते, हंगाम मिळत नाही. आठ कॉलेजं एकत्र आली आणि प्रत्येकानं प्रत्येकाशी दोनदा खेळायचं ठरवलं, तर प्रत्येक संघाला १४ सामने मिळतात. एकूण ५६. रविवारी एका कोर्टवर चार सामने धरले तर १४ रविवार. हे जमेल का, कुठं अडेल, जाणकारांनी सांगावं.

---

जुना पिव्होट

वाचून अंगावर काटा आला. रिंगच्या मागच्या कडेचा तो आवाज मला या वयातही ओळखता येईल.

आमच्या काळी परिस्थिती वेगळी होती. १९८०मध्ये भारताचा संघ मॉस्को ऑलिंपिकला गेला होता. बास्केटबॉलमध्ये आपण ऑलिंपिकला गेलो ते तेवढं एकदाच. त्या वर्षी शहरातल्या प्रत्येक कोर्टवर गर्दी. कॉलेजचा संघ होताच, पण संध्याकाळी आम्ही क्लबकडून खेळायचो. रेसकोर्स रोडच्या बास्केटबॉल कॉम्प्लेक्सवर दिव्याखाली सामने व्हायचे, तिथं बँकेत, पोस्टात नोकरीला लागलेले तगडे गडी समोर असायचे. त्यांची कोपरं खाऊन आम्ही शिकलो. म्हणजे कॉलेजचे सामने तेव्हाही थोडेच होते, पण बाकीचा हंगाम क्लब देत होता. आता संध्याकाळी कोर्टवर लहान मुलांचे वर्ग असतात. ते चांगलंच आहे, फक्त अठरा ते बावीसच्या पोरांना मोठ्यांशी भिडायला जागा उरली नाही. तुमची साखळी ती जागा भरून काढेल.

एक गोष्ट सहज आठवली. आपलं होळकर कॉलेज १८९१चं. जेम्स नेस्मिथनं अमेरिकेत स्प्रिंगफिल्डला पीचच्या टोपल्या टांगून हा खेळ सुरू केला तोही १८९१चा डिसेंबर. आपल्या शहरातलं कॉलेज आणि हा खेळ एका वयाचे आहेत. या शहरात कॉलेजचं बास्केटबॉल चार दिवसांत उरकावं हे मनाला पटत नाही.

---

शिट्टी

पंच म्हणून बरीच वर्षं उभा राहतोय, त्यामुळे दोन-तीन गोष्टी त्या अंगानं.

फ्री थ्रोचं तुम्ही लिहिलंत ते नियमांतूनच येतं. एका क्वार्टरमध्ये संघाचे चार फाऊल झाले की पाचव्यापासून प्रत्येक फाऊलला दोन थ्रो. अटीतटीच्या सामन्यात चौथ्या क्वार्टरच्या शेवटी दोन्ही संघ तिथं पोचलेले असतात. म्हणजे शेवटची दोन मिनिटं बहुतेक वेळा ४.६० मीटरवरच्या त्या रेषेवरच जातात. ज्या संघाला तिथं उभं राहायची सवय आहे तो जिंकतो.

याहून मोठी अडचण मला २४ सेकंदांच्या घड्याळाची, म्हणजे शॉट क्लॉकची वाटते; चेंडू हातात आला की तेवढ्या वेळात फेक घ्यावीच लागते. खालच्या फेऱ्यांत ते बऱ्याचदा नसतंच. मग सहा-सात गुणांनी पुढे असलेला संघ चेंडू फिरवत बसतो आणि मागे असलेल्याला फाऊल करण्यावाचून गत्यंतर नसतं. हीच पोरं पुढे विद्यापीठाच्या संघातून गेली की तिथं २४ सेकंद, आक्रमणात रिबाऊंड मिळाला तर १४. पहिल्या सामन्यात त्यांचा हात हमखास घाईत सुटतो. घड्याळाशी खेळणं हे वेगळं शिक्षण आहे आणि ते एका सामन्यात होत नाही.

साखळी करणार असाल तर माणसं मोजा. प्रत्येक सामन्याला कमीत कमी दोन पंच. टेबलावर स्कोअरर, त्याचा मदतनीस, टायमर आणि शॉट क्लॉकवाला. रविवारी चार सामने एकाच जोडीनं घेणं शक्य नाही, तिसऱ्या सामन्याला पाय चालत नाहीत आणि मग चुकीच्या शिट्ट्या वाजतात. दोन जोड्या लागतील. टेबलासाठी मात्र खेळणाऱ्याच कॉलेजांतली मुलं-मुली तयार करा. मी शिकवतो, पैसे नकोत.

---

लोकमान्यनगरची

माझा मुलगा दुसऱ्या एका कॉलेजकडून खेळतो. तुमची कल्पना चांगली आहे, पण आईच्या बाजूनं काही प्रश्न आहेत.

१४ रविवार फार होतात. सेमिस्टर परीक्षा, अंतर्गत चाचण्या, प्रॅक्टिकल, यांतून सलग १४ रविवार मोकळे मिळणारच नाहीत. खेळायला गेलं म्हणून हजेरी मिळते की नाही, हे प्रत्येक कॉलेजात शिक्षकावर अवलंबून असतं.

दुसरं, सिमेंट. त्याच्या नडग्या गेल्या हिवाळ्यात इतक्या दुखत होत्या की जिना उतरताना कठडा धरायचा. डॉक्टरांनी सांगितलं की हाडावर ताण आलाय, सहा आठवडे उड्या बंद. सामने वाढले तर उड्या वाढणार. मग सराव कमी करायचा का? हे कोण ठरवणार? पोरं स्वतः कधीच थांबत नाहीत, दुखतंय हे सांगतसुद्धा नाहीत. मला त्याच्या मोज्यातल्या क्रेप बँडेजवरून कळलं.

मी विरोध करत नाहीये. गेल्या वर्षी त्याचा संघ पहिल्याच सामन्यात हरला, तेव्हा तो आठवडाभर जेवताना बोलला नाही. त्याला अजून सामने मिळावेत असं मलाही वाटतं. फक्त हंगाम आखताना मुलांच्या पायांचा विचार पहिल्या दिवसापासून व्हावा.

---

मालवी माणूस

कल्पना चांगली, पण मूळ मुद्दा कुणी बोलत नाहीये. प्रमाणपत्र.

पोरगा खेळतो तो हौसेनं, हे खरं. पण घरचे त्याला खेळू देतात ते पुढे रेल्वेत, पोलिसांत, बँकेत खेळाडू कोट्यातून काही होईल या आशेनं. सरकारी नोकरीच्या खेळाडू कोट्यात आंतरविद्यापीठ स्पर्धेत विद्यापीठाकडून खेळलेलं धरलं जातं. तुमच्या रविवारच्या साखळीचा कागद कोण विचारणार? ज्याचं विद्यापीठाच्या संघात नाव येण्यासारखं आहे तो साखळीत पाय मोडून घ्यायला येईल का?

वाटही बघा किती अरुंद आहे. जिल्हा, मग संभाग (काही जिल्ह्यांचा मिळून गट), मग देवी अहिल्या विद्यापीठाच्या बारा जणांत निवड, मग पश्चिम विभाग. तिथं मध्य प्रदेशाबरोबर महाराष्ट्र, गुजरात, राजस्थानची विद्यापीठं. प्रत्येक विभागातले पहिले चार संघ अखिल भारतीय स्पर्धेला जातात, म्हणजे देशभरातून सोळा. वयाची अट पंचविशीच्या आतली. २०२०पासून खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा आल्या, भुवनेश्वरला पहिल्या झाल्या, तो वरचा मजला झाला. खालचा जिना मात्र आहे तसाच आहे.

---

तिसरा क्वार्टर

@मालवी माणूस, हे तुम्ही लिहिलंत ते बरं झालं, कारण यातच साखळीची खरी गरज आहे. विद्यापीठाचे बारा जण कसे निवडले जातात? संभागाचे एक-दोन सामने आणि एक निवड चाचणी. चाचणीत जो उंच उडतो, लांबून दोन टाकतो, तो डोळ्यांत भरतो. आमच्या ७ नंबरसारखा मुलगा, जो स्वतः कमी टाकतो पण चौघांना टाकायला लावतो, तो चाचणीत दिसतच नाही. त्याला ओळखायला पाच-सहा सामने बघावे लागतात. साखळीचं स्कोअरबुक निवड समितीसमोर ठेवता आलं, तर कागदाला किंमत नसली तरी त्यातल्या आकड्यांना येईल.

@लोकमान्यनगरची, ताई, तुमचा नडग्यांचा मुद्दा सगळ्यात आधी घ्यायला हवा. सामन्याच्या दुसऱ्या दिवशी उड्या नाहीत, फक्त शूटिंग आणि स्ट्रेचिंग, असा नियम साखळीतल्या सगळ्या संघांनी लेखी मान्य करावा असं मला वाटतं. रविवारांच्या संख्येबद्दल तुमचं बरोबर आहे, आठ संघ दुहेरी हे जास्त होतंय.

---

सातासमुद्रापार इंदूरकर

मी मूळचा रामबागेतला, सध्या अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात. इथलं कॉलेज बास्केटबॉल जवळून बघतो, म्हणून एक गोष्ट सांगतोच.

इथं हंगाम नोव्हेंबरात सुरू होतो आणि एप्रिलच्या सुरुवातीला संपतो. पहिल्या श्रेणीतला अगदी तळाचा संघही तीसच्या आसपास सामने खेळतो. मार्चमध्ये ६८ संघांची बाद फेरी होते, तिचाच गाजावाजा आपल्यापर्यंत पोचतो. पण त्या बाद फेरीच्या मागे चार महिन्यांचे सामने असतात.

२०१८मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठाचा संघ पूर्ण स्पर्धेत अव्वल मानांकित होता. पहिल्याच सामन्यात गाठ पडली यूएमबीसी नावाच्या सोळाव्या मानांकनाच्या संघाशी. पुरुषांच्या स्पर्धेत सोळाव्या मानांकनानं पहिल्याला कधीच हरवलं नव्हतं. त्या दिवशी हरवलं, आणि तेही ७४-५४ असं वीस गुणांनी. इथं लोक सुन्न झाले होते. प्रशिक्षक टोनी बेनेट आणि बरीचशी तीच पोरं पुढच्या हंगामात परत उतरली. मोसमभर जिंकत गेली. २०१९च्या उपांत्य सामन्यात ऑबर्नविरुद्ध ते दोन गुणांनी मागे, घड्याळात ०.६ सेकंद. काइल गायला तीन गुणांच्या फेकीवर फाऊल झाला. तीन फ्री थ्रो. हा मुलगा आदल्या वर्षीच्या त्या पराभवात खेळलेला. तिन्ही आत. ६३-६२. अंतिम सामन्यात जादा वेळेत टेक्सास टेकला हरवून विजेतेपद.

तुमच्या ११ नंबरला ही गोष्ट सांगा. पण ती पूर्ण सांगा. त्या दोन मार्चमध्ये मधे एक अख्खा हंगाम होता, तो त्या पोराला मिळाला होता.

पुढे २०२३मध्ये पर्ड्यूचंही असंच झालं, सोळाव्या मानांकनाच्या फेअरली डिकिन्सनकडून पहिल्या फेरीत हरले, आणि २०२४मध्ये अंतिम सामन्यापर्यंत गेले.

---

मालवी माणूस

गोष्ट छान आहे दादा, पण तिथं टीव्हीचा पैसा आहे, शिष्यवृत्त्या आहेत, चार्टर विमानं आहेत. इथं संघाला जिल्ह्याबाहेर जायचं तर प्रवासभत्ता स्पर्धा संपल्यावर मिळतो, आधी खिशातून घाला. तुलना करताना हे सोडून चालणार नाही.

---

सातासमुद्रापार इंदूरकर

मान्य. पैसा मागायला सांगतच नाहीये. वेळापत्रक मागायला सांगतोय.

---

बडोदेकर

वडोदऱ्याहून थोडं. इथं महाराजा सयाजीराव विद्यापीठात शहरातल्या शहरात फॅकल्टी एकमेकींविरुद्ध खेळतात. कला, वाणिज्य, तंत्रज्ञान, सगळे एका विद्यापीठाचे. प्रवास नाही, हॉटेल नाही, सामना संपला की पोरगा सायकल घेऊन घरी. मी दांडिया बाजारातून चालत सामना बघायला जायचो. माझं निरीक्षण असं की जवळ राहणाऱ्या संघांचे सामने जास्त रंगतात, कारण दोन्हीकडचे मित्र बघायला येतात. तुम्हीही आठ कॉलेजांचा हट्ट सोडा आणि चार-पाच किलोमीटरच्या परिघातली पाच-सहा घ्या.

आणखी एक सुचवतो, तीन-तीनचं बास्केटबॉल. अर्धं कोर्ट, एक रिंग, दहा मिनिटं किंवा २१ गुण, जे आधी होईल ते. शॉट क्लॉक १२ सेकंदांचं. टोकियोपासून ऑलिंपिकमध्येही आहे. माणसं कमी लागतात, एका कोर्टवर दोन सामने एका वेळी होतात.

---

जुना पिव्होट

तीन-तीन चांगलं आहे, उन्हाळ्यात अवश्य घ्या. पण त्यानं पाच-पाचचा हंगाम भरून निघणार नाही. पूर्ण कोर्टवर परत धावत येणं, फास्ट ब्रेकमध्ये तिसरा माणूस कुठून येतो ते बघणं, समोरच्यानं झोन (माणसाऐवजी जागा राखणारा बचाव) लावल्यावर चेंडू कोपऱ्यातून आत कसा सरकवायचा, हे अर्ध्या कोर्टात शिकता येत नाही. पाच फाऊलनी बाद झालेला पिव्होट (रिंगजवळ खेळणारा उंच खेळाडू) बेंचवर बसून काय करतो हेही शिकावं लागतं. तुमच्या १५ नंबरला पाच फाऊल चौथ्या क्वार्टरच्या मध्यावर का झाले ते मला न बघताही सांगता येईल. व्हॉलीबॉलचा मुलगा ब्लॉकला हात खाली आणतो. हात सरळ वर ठेवून नुसतं उभं राहायला शिकवा, निम्मे फाऊल कमी होतील.

---

तिसरा क्वार्टर

काका, पाचपैकी तीन फाऊल अगदी असेच होते. स्कोअरबुकात माझी नोंद आहे. तुम्ही एखाद्या सकाळी कोर्टवर याल का? तुम्ही सांगितलंत तर तो ऐकेल.

---

सात नंबर

आमच्या संघाच्या तिसरा क्वार्टर दादांनी लिंक पाठवली म्हणून वाचलं. मी हिंदी शाळेतला, मराठी फक्त घरचं, सांभाळून घ्या.

रविवार आम्हाला जमणार नाही. हॉस्टेलवरचे आम्ही पाच जण आहोत. दोघं शनिवारी रात्री घरी जातात, कापूस आणि गव्हाच्या दिवसांत तर जावंच लागतं. एक जण रविवारी दिवसभर पार्सल पोचवायचं काम करतो, त्याची मेसची फी त्यातून निघते. रविवारी ठेवलं तर बारातले तीन कमी होतील. शनिवारी संध्याकाळी ठेवा, रात्रीची गाडी पकडता येते.

प्रमाणपत्राचं मालवी काका म्हणाले ते खरं आहे. माझ्या वडिलांनी पण तेच विचारलं होतं. पण काका, मी बारावीपासून खेळतोय आणि सामन्यात शेवटच्या मिनिटाला चेंडू माझ्या हातात असा प्रसंग मला फार थोड्या वेळा मिळालाय. नुसता कागद घेऊन मी मोठ्या स्पर्धेत गेलो तर तिथं पाय थरथरतील. मला सामने पाहिजेत.

टेबलवर बसायला आमच्याच कॉलेजच्या मुलींच्या संघातल्या तिघी तयार आहेत. त्या विचारत होत्या की मुलींची साखळी का नाही.

---

लोकमान्यनगरची

शाब्बास. आणि त्या मुलींना सांग, प्रश्न अगदी बरोबर आहे. त्यांचा संघ उभा राहणार असेल तर शनिवारी मी स्वतः टेबलावर बसायला येईन, स्कोअर लिहायला शिकेन.

---

मालवी माणूस

सात नंबर, तुझं वाचून मी माझ्या भाच्याला विचारलं, तो एका कॉलेजात क्रीडा अधिकाऱ्यांच्या हाताखाली आहे. म्हणतो, प्राचार्यांची परवानगी, मुलांचं ओळखपत्र आणि विमा, एवढं असेल तर त्यांचा संघ येईल. कोर्टचं भाडं द्यावं लागलं तर सगळ्यांनी वाटून घ्यावं. एक संघ माझ्याकडून धरा.

---

तिसरा क्वार्टर

सगळ्यांचं वाचून आराखडा बदलतोय.

सहा कॉलेजं. एकेरी साखळी, म्हणजे प्रत्येकाला पाच सामने, एकूण पंधरा. सेमिस्टर परीक्षा आटोपल्यावर सलग पाच शनिवार, दर शनिवारी तीन सामने, दुपारी साडेतीन, सव्वापाच आणि सात वाजता. सहाव्या शनिवारी पहिल्या दोन संघांचा अंतिम सामना आणि त्याच्या आधी तिसऱ्या क्रमांकाचा. पूर्ण दहा-दहा मिनिटांचे चार क्वार्टर, घड्याळ थांबवून. २४ सेकंद पाळायचे. सामन्यानंतरचा रविवार सक्तीची विश्रांती. मुलींचे चार संघ जमले तर त्यांचे दोन सामने त्याच शनिवारी सकाळी.

आमचं कॉलेज धरून तीन संघ नक्की झाले, दोघांशी बोलणं चालू आहे. सहाव्यासाठी कुणाची ओळख असेल तर मला निरोप पाठवा. येत्या शनिवारी पाच वाजता आमच्याच कोर्टवर बैठक आहे, पोहे मी आणतो. पिव्होट काका, तुम्ही जरा लवकर या, १५ नंबरला साडेचारला बोलावलंय.

---

शिट्टी

येतो. दुसऱ्या पंचालाही घेऊन येतो. शॉट क्लॉक भाड्यानं मिळेल, दोन युनिट लागतात, दोन्ही रिंगच्या मागे एकेक. तुमच्या कोर्टवर विजेचा पॉइंट कडुलिंबाच्या बाजूला आहे की गेटच्या, ते बघून कळवा. वायर कोर्टवरून नेता येणार नाही.